दापोडीचा लाटसाहेब आणि घरचा प्रोसेसर

मंडळी, घरीच पीसी असेंबल करणाऱ्यांची एक जमात असते. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक छोटा आकडा असतो आणि काम काहीही चालू असो, यांचा एक डोळा तिथेच. ८२... ८५... ८८... एप्रिल-मे आला की ही जमात जास्तच अस्वस्थ होते. मीही त्यातलाच. दर उन्हाळ्यात दोन-चार मित्रांचे फोन येतात, "अरे, मशीन फार तापतंय, कुठला कूलर घेऊ?"

या वीकेंडला त्याचं उत्तर जरा लांबून द्यायचं ठरवलंय. "फार गरम होतंय, काय करू?" हा प्रश्न दापोडीत निदान दोनशे वर्षांपासून विचारला जातोय. आणि इथून दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात त्याला जी वेगवेगळी उत्तरं सापडली, ती ओळीने मांडली की कूलरच्या खरेदीचा नंबर शेवटी लागतो.

सुरुवात लाटसाहेबापासून. आज दापोडी म्हटलं की आपल्याला रेल्वे स्टेशन, हॅरिस पूल, सीएमई, एसटीचं वर्कशॉप आणि २०२३ पासून मेट्रो एवढंच आठवतं. पण १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथला एक बंगला सरकारसाठी घेतला. मूळचा तो पेशव्यांच्या कवायती पलटणीवरचा अधिकारी फोर्ड याचा. त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान उभं राहिलं. तिथल्या झाडांची देशी चित्रकाराने काढलेली सुंदर चित्रं आजही एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. इंग्रज या गावाला 'दापुरी' म्हणायचे.

आता गव्हर्नरचं वेळापत्रक बघा. हिवाळ्यात मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर (तिथली माल्कम पेठ याच माल्कमच्या नावाची) आणि पावसाळ्यात दापोडी. म्हणजे थंडावा आपल्याकडे आणायचा नाही, आपणच थंडाव्याकडे जायचं! उत्तर नंबर एक. हसू नका, आजही मोठमोठ्या कंपन्या डेटा सेंटर थंड देशांत बांधतात ते याच कारणाने. फक्त आपला पीसी आणि आपण, दोघांनाही महाबळेश्वर परवडत नाही. :)

१८६५ च्या सुमारास सरकारने दापोडी सोडली आणि गणेशखिंडीत गव्हर्नरसाठी नवीन, भव्य इमारत बांधायला घेतली. आज तिथे पुणे विद्यापीठ आहे. ही जागा लक्षात ठेवा, आपण तिकडे परत येणार आहोत.

उत्तर नंबर दोन म्हणजे उष्णता वाहून न्या. हे उत्तर पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला कोणी शिकवायला नको. आकुर्डीत १९७२ पासून बनलेली बजाज चेतक आठवा. इंजिनला पाणी नाही, रेडिएटर नाही. सिलिंडरवर पातळ पात्या, म्हणजे फिन्स, फ्लायव्हीलवर बसवलेला पंखा आणि वरून एक पत्र्याचं झाकण. बऱ्याच जणांना वाटायचं की ते झाकण नुसतं धुळीसाठी आहे. खरं तर पंख्याची हवा इकडेतिकडे न पळता बरोबर पात्यांमधूनच जावी, यासाठी ते असतं. झाकण काढून गाडी चालवली तर पंखा तोच, हवा तीच, पण इंजिन जास्त तापणार.

एसटीच्या बसचं इंजिन मोठं. तिथे नुसत्या हवेने भागत नाही, म्हणून पाणी. पाणी इंजिनमधली उष्णता उचलतं, पुढच्या रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे ती हवेच्या स्वाधीन करतं. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतल्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, तो सांगेल की पाणी हा फक्त हमाल आहे, शेवटी माल हवेतच उतरतो. प्रोसेसरवरचा टॉवर कूलर म्हणजे चेतक आणि लिक्विड कूलर म्हणजे एसटी. बस्स, एवढाच फरक! लिक्विड कूलरने उष्णता 'नाहीशी' होत नाही. ती फक्त जरा लांब नेऊन, मोठ्या रेडिएटरवर पसरून, त्याच खोलीत सोडली जाते.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. उष्णता वाहून नेण्याचा सगळ्यात शाही थाट केला सेमूर क्रे या अमेरिकन इंजिनिअरने. १९७६ च्या त्याच्या क्रे-१ या सुपरकॉम्प्युटरचं वजन पाच टनांच्या वर आणि वीज शंभर किलोवॅटहून जास्त. ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडणार. म्हणून सर्किट बोर्डांमध्ये तांब्याचे पत्रे आणि कडेने फ्रेऑन खेळवणाऱ्या नळ्या, म्हणजे थेट फ्रिजची यंत्रणा. पुढे १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर अख्खी सर्किट्स एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवली होती.

याच क्रेचं मशीन भारताला हवामानाच्या अंदाजासाठी हवं होतं. मोठं मशीन मिळालं नाही, बऱ्याच वाटाघाटींनंतर त्याखालचं एक एक्स-एमपी दिल्लीला आलं. ही ओढाताण चालू असतानाच १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. कुठे? तर पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत. दापोडी सोडून लाटसाहेब जिथे राहायला गेला, तिथेच!

'परम'ची गोष्ट आपण नेहमी स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण उष्णतेच्या बाजूने बघितली तर त्यात आणखी एक गंमत दिसते. क्रेचा मार्ग होता थोडे, पण प्रचंड वेगवान आणि प्रचंड तापणारे प्रोसेसर. परममध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. एकेकटा साधाच, वीज कमी पिणारा, पण असे ६४ जण मिळून काम वाटून घेणारे. अशा चिपसाठी फ्रेऑनचे नळ लागत नाहीत. हे झालं उत्तर नंबर तीन. उष्णता वाहून नेण्याची चिंता करण्याआधी ती तयारच कमी होईल असं बघा.

घरच्या पीसीच्या जगाला मात्र हा धडा शिकायला बराच वेळ लागला. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ चिपवर हीटसिंक नव्हतंच. १९९२ च्या आसपास ४८६ डीएक्स२ आला आणि प्रोसेसरवर छोटी ॲल्युमिनियमची पाटी, मग त्यावर पंखा दिसू लागला. १९९३ चा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम जास्तीत जास्त १६ वॉटपर्यंत जायचा, तर तेव्हा लोक तेवढ्यालाही भट्टी म्हणत होते. २००४ च्या फेब्रुवारीत आलेला पेंटियम ४ 'प्रेस्कॉट' थेट शंभरी पार! बुधवारातल्या तपकीर गल्लीतून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून मशीन जोडणाऱ्यांना तो काळ आठवत असेल. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण कायमचं उघडं आणि समोर टेबल फॅन. :)

असं का झालं? गणित सोपं आहे. चिपमध्ये होणारी उष्णता साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्येच दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या तेवढ्याच जागेत उष्णता वाढत नाही. तीस वर्षं या जोरावर वेग वाढत राहिला. पण ट्रान्झिस्टर ९० नॅनोमीटरच्या आसपास पोचले तसं व्होल्टेज आणखी उतरेना, आणि बंद ट्रान्झिस्टरमधूनसुद्धा वीज गळायला लागली. नळ बंद केला तरी टपटप चालूच. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' नावाचा पुढचा प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच रद्द केला आणि त्याच वर्षी ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चाही नाद सोडला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत चिप कंपनीला मोठा पंखा परवडत नव्हता अशातला भाग नाही. पण मोठा पंखा हे उत्तरच संपलं होतं.

मग २००६ मध्ये कोअर २ डुओ आला. वेगाचा आकडा कमी, कोअर दोन, व्होल्टेज कमी, ६५ वॉट, आणि काम प्रेस्कॉटपेक्षा किती तरी जास्त. काम वाटून घ्या, कमी तापा. 'परम'ने पंधरा वर्षं आधी धरलेली वाट! त्याच घराण्यातल्या झिऑन प्रोसेसरचे १४,२४० कोअर जोडून पुण्यात टाटांच्या सीआरएलने 'एका' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला आणि नोव्हेंबर २००७ च्या टॉप ५०० यादीत तो जगात चौथा आला.

पुढची उदाहरणंही गावातलीच. २००८ चा 'परम युवा' ५४ टेराफ्लॉप्सचा. २०१३ चा 'परम युवा २' त्याच्या जवळजवळ दहापट ताकदीचा, आणि सी-डॅकच्या म्हणण्यानुसार आधीपेक्षा ३५ टक्के कमी वीज खाणारा. २०१९ मध्ये पाषाणच्या आयसरमध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये पाणी थेट प्रोसेसरवरच्या धातूच्या पाटीपर्यंत नेलंय. म्हणजे एसटीचा रेडिएटर सुपरकॉम्प्युटरला लागला. आणि काव्यात्मक न्याय बघा, २०१८ मध्ये पाषाणच्याच आयआयटीएममध्ये हवामानासाठी 'प्रत्यूष' आला, तो क्रे कंपनीचा!

असो. आता घरच्या कॅबिनेटकडे. इतिहासातून मला दिसतो तो क्रम असा.

पहिलं, उष्णता कमी तयार करा. आजचे काही डेस्कटॉप प्रोसेसर २५० वॉटपर्यंत जातात आणि २०२२ पासूनचे काही रायझन तर मुद्दाम ९५ अंशांपर्यंत धावायलाच बनवलेत. त्यातल्या शेवटच्या पाच-दहा टक्के वेगासाठी विजेची भलतीच उधळपट्टी होते. बायोसमध्ये जाऊन पॉवर लिमिट उतरवा, 'इको मोड' असेल तर तो लावा. खर्च शून्य रुपये. रोजच्या कामात फरक कळतसुद्धा नाही.

दुसरं, चेतकचं झाकण आठवा. हवेला वाट द्या. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर. केबली बांधून बाजूला करा. जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या काठावर राहत असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी फिल्टर आणि पात्यांमधली धूळ ब्रशने काढा. धुळीने बुजलेल्या पात्या म्हणजे गोधडी पांघरलेलं इंजिन.

तिसरं, पेस्ट. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहतं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या बारीक खाचांत हवा अडकते, तिला हाकलणं एवढंच पेस्टचं काम. त्यामुळे पातळ थर पुरे, पराठ्यावर लोणी थापल्यासारखी थापू नका. तीन-चार वर्षांनी वाळली की बदला.

हे तिन्ही करूनही भागलं नाही तरच नवीन कूलर. आणि तेव्हाही एक लक्षात ठेवा. कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये २१ अंशांच्या खोलीत ६८ दिसलं, तर एप्रिलमध्ये आपल्या ३६ अंशांच्या खोलीत साधारण ८३ दिसणार. कूलर खराब नाही, खोली गरम आहे.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. ३०० वॉट खाणारं मशीन म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर न उठणारे तीन पाहुणे. कूलर कितीही भारी घ्या, कोपऱ्यातला आकडा खाली येईल, पण ते तिन्ही पाहुणे तिथेच बसलेले असतील. फक्त प्रोसेसरवरून उठून तुमच्याशेजारी येऊन बसतील, आणि त्याच खोलीत झोपायचा प्रयत्न करणाऱ्या आई-वडिलांशेजारी किंवा रूममेटशेजारीसुद्धा. गव्हर्नरला उकाडा मागे टाकून निघून जाता येत होतं, कारण मागे राहणाऱ्यांचा विचार त्याला करायचा नव्हता. आपल्याला करायचाय.

म्हणून पुढच्या वेळी "कुठला कूलर घेऊ?" असं विचारायच्या आधी मशीन किती वॉट खातंय ते बघा. आणि मग फोन करा!