तेच सूत्र, दरवर्षी नवं



आमच्या नवीन जालन्यात पर्युषणाचे आठ दिवस स्थानकात अंतगड सूत्राचं वाचन असतं. आठ वर्ग, 90 मोक्षगामी जीव. पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी बायका घरचं आवरून वेळेवर हजर! का बरं?

आगम आधी मुखपाठानेच टिकले. परंपरेनुसार वीर निर्वाण संवत 980 मध्ये देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभीला ते लिहवून घेतले. पुढे विसाव्या शतकात अमोलक ऋषिजी म. सा. यांनी हैदराबादेत 32 आगमांचा हिंदी अनुवाद केला. जालना तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं. अर्धमागधी न येणाऱ्यांनाही अर्थ कळू लागला.

पण नुसता अर्थ कळला म्हणून कोणी जन्मभर ऐकत नाही. त्या 90 जीवांत 33 स्त्रिया आहेत, राण्या आणि आयाही. लहानपणी मला पाण्यात पात्र तरंगवणारा अयवंता कुमार आवडायचा. लेक शिकायला परगावी गेली, त्या वर्षी देवकीपाशी डोळे भरले. सात मुलगे झाले, पण एकाचंही बाळपण तिच्या मांडीवर गेलं नाही.

सासूबाईंना उपवास झेपेनासे झाले, तेव्हा त्या काली राणीचं रत्नावली तप हात जोडून ऐकत. पाच वर्षं, दोन महिने, 28 दिवसांचं तप! यंदा त्या नव्हत्या. आठवा वर्ग आला आणि माझेच हात जोडले गेले.

सूत्र तेच असतं. आपलं माणूस कोणत्या वर्गात भेटेल, ते मात्र दरवर्षी बदलतं.