भिंत कोसळली

26 नोव्हेंबर 1995. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना होता. नेथन ॲस्टल आणि ख्रिस केर्न्स यांच्या शतकांच्या बळावर न्यूझीलंडने 8 बाद 348 धावा केल्या. दोन डावांमधल्या विश्रांतीत पूर्वेकडील स्टँडची भिंत कोसळली आणि किमान 9 प्रेक्षक मृत्युमुखी पडले. खेळ पुढे सुरूच राहिला. भारत 249 धावांत सर्वबाद झाला, 99 धावांनी हरला. धावफलक आजही बिनचूक मिळतो. मृतांचा आकडा मात्र प्रत्येक वृत्तात सारखा नाही.

'भिंत कोसळली' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. क्रियापद अकर्मक, कर्ता भिंत. ती कोणी बांधली, कोणी तपासली, तिच्यावर माणसांचा किती रेटा येईल याचा हिशेब कोणी केला, या प्रश्नांना त्या वाक्यात जागाच नाही.

याच शहराने वर्षभरापूर्वी याहून भीषण प्रसंग पाहिला होता. 23 नोव्हेंबर 1994 रोजी, अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चावर लाठीमार झाला, पळापळ झाली आणि 114 जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. या मृत्यूंसाठी आपण जो शब्द वापरतो तो 'चेंगराचेंगरी'. त्याची घडण 'मारामारी', 'ढकलाढकली' यांसारखी, म्हणजे परस्परांनी परस्परांना केलेली क्रिया. अडथळे आणि लाठी शब्दाबाहेर राहतात. मेलेलेच एकमेकांचे मारेकरी ठरतात. 'भिंत कोसळली' निदान भिंतीला तरी दोष देते!

हा दोष एकट्या मराठीचा, असे आम्ही म्हणणार नाही. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानावर प्रेक्षक कठड्यांमध्ये दाबले गेले. मृतांची संख्या अखेरीस 97 झाली. तिथल्या एका खपाऊ वृत्तपत्राने प्रेक्षकांवरच आळ घेतला. पोलिसांचे नियंत्रण फसले, हे न्यायमूर्ती टेलर यांनी वर्षभरातच दाखवले होते. तरी प्रेक्षक निर्दोष होते, असा ज्यूरीचा निर्णय यायला 2016 साल उजाडले. मृतांच्या नातेवाइकांनी सत्तावीस वर्षे वाक्यातला खरा कर्ता शोधला.

नागपुरातले मोठे सामने 2008 पासून वर्धा मार्गावरील जामठ्याच्या नव्या मैदानावर होऊ लागले. आणि 4 जून 2025 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी आलेल्यांपैकी 11 जण दगावले, तेव्हा मराठीत पुन्हा तोच शब्द लिहिला गेला: चेंगराचेंगरी.