बालकांचे व्याकरणग्रहण

बालकांचे व्याकरणग्रहण : मूल मातृभाषेची व्याकरणव्यवस्था कशी आत्मसात करते, याच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ सामान्यतः जर्मन तत्त्वज्ञ डीट्रिख टीडेमान याने १७८७ मध्ये आपल्या मुलाविषयी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांपासून मानला जातो. क्लारा व व्हिल्यम श्टेर्न या दांपत्याचा आपल्या तीन अपत्यांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ १९०७ मध्ये निघाला. अशा रोजनिशांत तपशील विपुल असला, तरी उपपत्ती क्वचितच आढळते.

अनुकरण व प्रोत्साहन यांतून भाषा घडते, या बी. एफ्. स्किनरच्या मतावर (१९५७) नोम चॉम्स्कीने १९५९ मध्ये कठोर आक्षेप घेतले. मूल पूर्वी न ऐकलेली वाक्ये बोलते. म्हणून व्याकरणाचा काही आराखडा उपजत असावा, असे त्याचे पुढील प्रतिपादन होते. तत्पूर्वीच १९५८ मध्ये जीन बर्को हिने बनावट नामे देऊन मुलांकडून त्यांची अनेकवचने करवून घेतली होती. रॉजर ब्राउनचा तीन मुलांवरील ग्रंथ १९७३ मध्ये आला. मात्र ही मुले इंग्रजी भाषक होती आणि इंग्रजीत प्रत्यय थोडे. तेवढ्यावरून मानवमात्राविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचेच होते.

ही उणीव डॅन स्लोबिन याने प्रकर्षाने पुढे आणली. त्याने आधारास घेतलेले एक उदाहरण युगोस्लाव्हियातील, हंगेरियन व सर्बो-क्रोएशियन या दोन्ही भाषा एकाच वेळी शिकणाऱ्या मुलींचे होते. ‘घरात’, ‘घरावर’ यांसारखे स्थलसंबंध त्या दोन वर्षांच्या आतच हंगेरियनमध्ये अचूक व्यक्त करीत. सर्बो-क्रोएशियनमध्ये मात्र तेच संबंध अपुरेच व्यक्त होत. म्हणजे अडचण कल्पनेची नव्हती. हंगेरियनमध्ये नामाच्या शेवटी एक प्रत्यय पुरतो. सर्बो-क्रोएशियनमध्ये नामापूर्वी शब्दयोगी अव्यय व नामास विभक्ती, अशी दुहेरी योजना लागते. यावरून मूल शब्दाच्या अंत्यभागाकडे अधिक लक्ष देते, असे सूत्र स्लोबिनने १९७३ मध्ये मांडले. मराठीतही स्थलवाचक खूण नामानंतरच येते. मात्र ‘घोडा’चे ‘घोड्या-’ असे सामान्यरूप करण्याचा जादा खटाटोप मराठी मुलास पडतो.

स्लोबिनच्या संपादनाखाली १९८५–९७ या काळात निघालेल्या पाच खंडांत तुर्की, जपानी, हिब्रू, सामोअन इ. भाषांचा परामर्श घेतलेला आहे. त्यांतील पापुआ न्यू गिनीच्या कालुली समाजात प्रौढ माणसे मुलांशी बोबडे बोलत नाहीत. तरीही ती मुले भाषा शिकतात.