रजिस्टरात न आलेला ताप

इतिहासाला पुरावा लागतो, असं आपण शाळेत मुलांना सांगतो. ताम्रपट, शिलालेख, बखर, फर्मान, वसुलीचे कागद ही पुराव्याची नेहमीची नावं. पण गोरगरिबांच्या दुखण्याचा पुरावा कुठे शोधायचा? इंग्रजी अमदानीत गावोगावच्या मृत्यूंची नोंद होत असे. पटकी, देवी, प्लेग असे रकाने असत आणि ‘ताप’ नावाचा एक मोठा रकाना असे. नोंद करणारा डॉक्टर नसायचा, गावातलाच पाटील किंवा चौकीदार असायचा. त्यामुळे ज्याचं कारण कळत नसे ते सगळं ‘ताप’ या रकान्यात जाई. जे आजारी पडून बरे झाले त्यांची तर कुठेच नोंद नव्हती.

आपल्या भाषांना मात्र तापातापातला फरक चांगला ठाऊक होता. मराठीत हिवताप आणि एकांतरा, उर्दूत तिजारी आणि चौथिया. इब्न सीनाच्या ‘अल्-कानून’मध्येही ताप किती दिवसांनी फिरून येतो यावरून त्याचे प्रकार पाडले आहेत. 

१८८० मध्ये अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरला एका सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी दिसला. १८९७ मध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला तोच परजीवी डासाच्या पोटात सापडला. त्या शोधासाठी डासांना रक्त पाजणाऱ्या रुग्णाचं नाव हुसेन खान. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसला १९०२ मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानचं नाव रॉसच्या नोंदींमुळे तेवढं उरलं.

सूक्ष्मदर्शकानं निदान पक्कं झालं, पण त्याला एक मर्यादा होती. काचेवरच्या रक्तात आज परजीवी असेल तरच तो दिसतो. मागच्या पावसाळ्यात येऊन गेलेला ताप त्यात दिसत नाही. परजीवी फार थोडे असतील तर आजचाही सुटतो.

पुढचा धागा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात सापडला. तिथली मुलं मलेरियानं मरत, पण त्याच गावात वाढलेली मोठी माणसं सहसा तगून जात. १९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी अशा प्रौढांच्या रक्तातली गॅमा ग्लोब्युलिन प्रथिनं वेगळी काढून मलेरिया झालेल्या मुलांना दिली. काही दिवसांतच मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं कमी झाले. वारंवार ताप सोसलेल्या शरीरानं काहीतरी कमावलेलं असतं आणि ते रक्तात सापडतं, हे यातून सिद्ध झालं. त्यालाच आपण प्रतिपिंडं किंवा अँटिबॉडी म्हणतो.

त्याच सुमारास ही प्रतिपिंडं ओळखण्याची चाचणीही तयार झाली. काचपट्टीवर परजीवी बसवायचे आणि त्यावर माणसाच्या रक्तातला पातळ द्रव घालायचा. त्यात मलेरियाची प्रतिपिंडं असतील तर ती परजीवीला चिकटतात. मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड सोडायचं. ते पहिल्याला चिकटतं आणि विशिष्ट प्रकाशाखाली परजीवी हिरवट चमकतो. यासाठी बोटाच्या टोकाचं थोडं रक्त पुरतं. ते टीपकागदावर सुकवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतं. १९७० च्या दशकात एलायझा नावाची अधिक सोपी पद्धत आली आणि एका वेळी शेकडो नमुने तपासता येऊ लागले.

या चाचणीचा इतिहासाच्या दृष्टीनं सर्वांत बोलका वापर मॉरिशसमध्ये झाला. हे बेट मराठी माणसाला परकं नाही. १८३४ नंतर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर गेले. मुंबईहून गेलेल्यांत मराठी घरं होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. १८६० च्या दशकात बेटावर मलेरिया पसरला. १८६७ या एका वर्षात तिथे सुमारे ४० हजार माणसं दगावली.

१९४८ नंतर तिथे डीडीटी फवारणीची मोठी मोहीम झाली आणि रुग्ण कमी होत गेले. पण रजिस्टरात रुग्ण नाही याचे अर्थ दोन होतात. एक, मलेरिया खरंच गेला. दोन, आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. यातलं खरं काय, हे ठरवायला ब्रूस-च्वॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली आणि १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तत्त्व साधं आहे. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं टिकू शकतात, म्हणून जुन्या मलेरियाच्या काळात वाढलेल्या मोठ्या माणसांत ती सापडतील. पण मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांत ती नसतील, तर त्या मुलांना मलेरिया भेटलाच नाही असं म्हणता येतं. तान्ही बाळं यात धरायची नसतात, कारण त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिने राहतात. मॉरिशसचा पुरावा मलेरिया गेल्याच्याच बाजूनं निघाला आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं बेट मलेरियामुक्त ठरवलं.

गोष्ट इथे संपली नाही. १९७५ च्या चक्रीवादळानंतर मलेरिया परत आला आणि १९८२ मध्ये एका वर्षात ६०० हून अधिक रुग्ण सापडले. नव्या पिढीच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती, म्हणजे संरक्षणही नव्हतं. बेटाला पुन्हा झटावं लागलं आणि १९९८ पासून तिथे स्थानिक मलेरिया नाही.

आता प्रश्न उरतो तो ‘केव्हा’चा. प्रतिपिंडं दीर्घकाळ टिकतात हा गुण जुन्या इतिहासासाठी चांगला, पण हल्लीचं काही विचारायचं असेल तर तोच अडचणीचा. ताप मागच्या महिन्यात येऊन गेला की दहा वर्षांपूर्वी? यावर उपाय असा की सगळी प्रतिपिंडं सारख्या वेगानं विरत नाहीत. परजीवीच्या अंगावर शेकडो प्रथिनं असतात. काहींविरुद्धची प्रतिपिंडं लवकर ओसरतात, तर काहींविरुद्धची रेंगाळतात. त्यांचं परस्परांशी प्रमाण पाहिलं तर अलीकडचा संसर्ग ओळखता येतो. २०१५ मध्ये युगांडातल्या १८६ मुलांच्या अभ्यासात दिसलं की नीट निवडलेली तीन प्रतिपिंडं मोजली तरी मागच्या काही महिन्यांत संसर्ग झाला होता का, याचा चांगला अंदाज बांधता येतो.

व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियात याला आणखी महत्त्व आहे. तो परजीवी यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी उठतो. रक्तात तेव्हा काहीच दिसत नाही. २०२० मध्ये थायलंड, ब्राझील आणि सॉलोमन बेटांवरच्या अभ्यासातून आठ प्रतिपिंडांचा असा एक संच पुढे आला, की मागच्या नऊ महिन्यांतला संसर्ग तो सुमारे ८० टक्के वेळा ओळखतो. अशांना शोधून प्रायमाक्विन दिलं तर यकृतातला परजीवी मारता येतो. हे औषध सरसकट सगळ्यांना देता येत नाही, कारण जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटू शकतात. आणि ८० टक्के म्हणजे शंभरातले वीस जण निसटतात, हेही विसरायला नको.

एक फरक नीट समजून घ्यायला हवा. प्रतिपिंडांची चाचणी ‘मलेरिया भेटून गेला’ एवढंच सांगते, ‘आज मलेरिया आहे’ हे सांगत नाही. अंगात ताप असेल तर रक्ताची काच किंवा परजीवीचं प्रथिन पकडणारी झटपट चाचणीच करायची. हा फरक विसरला की काय होतं ते क्षयरोगाच्या बाबतीत दिसलं. प्रतिपिंडांवरून क्षयाचं निदान करणाऱ्या रक्तचाचण्या चुकीचे निकाल देत, म्हणून २०१२ मध्ये भारत सरकारला त्यांच्यावर बंदी घालावी लागली.

म्हणून ही चाचणी एका रुग्णापेक्षा वस्तीच्या जास्त कामाची आहे. आपल्याकडे गडचिरोली हा मलेरियाचा मोठा भार सोसणारा जिल्हा. तिथे जंगलातल्या पाड्यावरून दवाखान्यापर्यंत जो पोचतो त्याची नोंद होते. जो येऊ शकला नाही तो आकड्यातून सुटू शकतो, आणि तसं झालं तर फवारणीच्या यादीत त्याचा पाडा खाली जाऊ शकतो. अशा पाड्यातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, तर रजिस्टर कोरं असलं तरी तिथे मलेरिया आहे हे मान्य करावं लागेल. मग मच्छरदाण्या आणि औषधं आधी तिथे पोचवायला हवीत.