वेढ्यातली मांजर

आजचा भाग मांजरांवर आहे, आणि थोडा लढाईवरही.

मध्ययुगीन युरोप आणि मांजर म्हटलं की एक फॉरवर्ड हमखास येतो: पोपने मांजरं मारायचा हुकूम काढला, उंदीर माजले आणि प्लेग पसरला. आता, पोप नववे ग्रेगरी यांचं 1233 चं पत्र खरंच आहे. पाखंडी लोकांच्या कथित विधीच्या वर्णनात तिथे एक काळं मांजरही येतं. पण मांजरं मारा, असा हुकूम त्यात नाही. आणि युरोपात प्लेग आला तो शंभरहून जास्त वर्षांनी, 1347 मध्ये.

मग लोक मांजराकडे कसं बघत होते? मी म्हणेन, कायदे आणि जमाखर्च बघा. वेल्समध्ये 10व्या शतकातला राजा हवेल दा याच्या नावाने चालत आलेल्या कायद्यात मांजराचा दर ठरलेला आहे. डोळे न उघडलेलं पिल्लू 1 पेनी, डोळे उघडले की 2, उंदीर मारायला लागलं की 4. इंग्लंडमधल्या एक्झिटर कॅथेड्रलच्या हिशेबात 1305 ते 1467 या काळात मांजराच्या नावे आठवड्याला 1 पेनी खर्ची पडलेली दिसते. म्हणजे मांजर चक्क पगारी नोकर!

आणि हेच नाव युद्धभूमीवरही गेलं. किल्ल्याची भिंत पोखरायची किंवा खंदक बुजवायचा, तर वरून दगड आणि आग पडणारच. म्हणून सैनिक एका भक्कम लाकडी छपराखाली राहून ते छप्परच पुढे सरकवत न्यायचे. त्याला फ्रेंचमध्ये ‘शा’ आणि दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सिटन भाषेत ‘गाता’ म्हणत. दोन्हींचा अर्थ मांजरच. गंमत म्हणजे रोमन लोक अशाच छपराला ‘मुस्कुलुस’ म्हणायचे, म्हणजे छोटा उंदीर.

पण त्या छपराखालच्या माणसांसाठी ही गंमत नव्हती. 1218 मध्ये तुलूझच्या वेढ्यात सिमोन द माँफोरने अशी ‘मांजर’ आणली. तिथल्याच लढाईत शहरातून आलेला दगड लागून तो मेला. दगडफेकीचं ते यंत्र बायका-मुली चालवत होत्या, असं त्या काळच्या पद्यइतिहासात नोंदलंय. पुढे इजिप्तमध्ये मन्सूरापाशी फ्रान्सचा राजा नववा लुई नदीत बांध घालत होता. त्याने राखणीला बुरूज असलेल्या दोन ‘मांजरी’ उभ्या केल्या. शत्रूने ‘ग्रीक अग्नी’ फेकून त्या जाळल्या. त्या रात्रीचा पहारा ज्वाँव्हील या सरदाराचा होता. आपली पाळी यायच्या आधीच, दिवसाच त्या जळाल्या, ही देवाची कृपा, असं त्याने लिहून ठेवलंय.

नाव घरातलं, भीती रणातली. दबा धरून भिंतीकडे सरकणारं जनावर या लोकांनी रोज कोठारात पाहिलेलं असणार. म्हणून मला वाटतं, ज्याचा नुसता तिटकारा केला, त्याचं नाव माणूस आपला जीव वाचवणाऱ्या छपराला देत नाही. तेव्हा तो फॉरवर्ड पुन्हा आला, तर एक्झिटरच्या त्या पेनीची आठवण ठेवा.

भेटू पुढच्या भागात.