जाधव, अनिकेत

जाधव, अनिकेत : (१३ जुलै २०००– ). भारतीय व्यावसायिक फुटबॉलपटू. जन्म कोल्हापूर येथे. सुरुवातीला मध्यवर्ती आघाडीवीर, पुढे प्रामुख्याने बगलेवरून खेळणारा आक्रमक. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो भारतीय संघात होता. त्यानंतर आय-लीगमध्ये इंडियन ॲरोज आणि इंडियन सुपर लीगमध्ये जमशेदपूर एफसी, हैदराबाद एफसी, ईस्ट बंगाल व ओडिशा एफसी या संघांकडून तो खेळला.

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. संस्थानकाळात राजघराण्याने त्याला आश्रय दिला आणि कुस्तीच्या तालमींनी तो आपलासा केला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावेच इथल्या फुटबॉलचा इतिहास सांगतात. गणेशोत्सव बसवणारे मंडळ आणि मैदानात उतरणारा संघ अनेकदा एकच असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि तिच्यानंतर रंगणाऱ्या चषक स्पर्धा छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. हिवाळ्यात सुरू झालेला हा हंगाम उन्हाळा तापेपर्यंत चालतो. जुन्या पेठांबरोबर फुलेवाडी, कळंबा अशा उपनगरांतूनही प्रेक्षक येतात, आणि पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असेल तर स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. परगावचे आणि आफ्रिकी देशांतले खेळाडूही या संघांनी आणलेले आहेत.

एवढे वेड असूनही या मैदानातून देशाच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणारी सरळ वाट फार काळ नव्हती. पेठेच्या संघातला नामांकित खेळाडू गावभर ओळखला जाई, पण त्याची कारकीर्द बहुधा शाहू स्टेडियमवरच सुरू होऊन तिथेच संपे. मोहन बागानपर्यंत पोहोचलेला मधल्या फळीतील निखिल कदम यासारखी उदाहरणे मोजकीच. वयाच्या योग्य टप्प्यावर शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा आणि मोठ्या क्लबांच्या निवडकर्त्यांची नजर या तिन्ही गोष्टी गावाबाहेर होत्या. अनिकेतची कारकीर्द समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्याचा फुटबॉल कोल्हापूरचा असला तरी त्याची जडणघडण लहान वयातच गाव सोडल्यामुळे झाली.

हे गाव सोडणे राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीमुळे शक्य झाले. या योजनेत मुलांची निवड केवळ खेळ पाहून होत नाही. तीस मीटर धाव, उभी उडी, जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, आठशे मीटर धाव अशा कसोट्यांमधून अंगभूत क्षमता आधी जोखली जाते. निवडलेल्या मुलांना निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षण एकाच ठिकाणी मिळते. पुण्याच्या बालेवाडी येथील प्रबोधिनीत अनिकेतचा पाया घातला गेला. पुढे तो पुणे एफसीच्या अकादमीत गेला आणि तिथून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या विश्वचषकपूर्व शिबिरात.

सतरा वर्षांखालील विश्वचषक ही भारतीय फुटबॉल संघाची कोणत्याही गटातली पहिलीच फिफा विश्वचषक स्पर्धा होती. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. स्पर्धेआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यभर लाखो मुलांना मैदानात उतरवण्याचा उपक्रम केला.  पोर्तुगीज प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांच्या संघात अनिकेत आघाडीवर होता. ६ ऑक्टोबर रोजी दिल्लीत अमेरिकेविरुद्ध भारत ०–३ असा हरला. त्यानंतर कोलंबियाविरुद्ध १–२ आणि घानाविरुद्ध ०–४ असे पराभव झाले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफा विश्वचषकातील भारताचा पहिला गोल. भारत बहुतेक वेळ बचावात गुंतलेला असल्याने आघाडीच्या खेळाडूच्या वाट्याला चेंडू क्वचितच येई. आलेला चेंडू अंगावर घेऊन सहकारी वर येईपर्यंत तो राखणे हेच तेव्हा त्याचे मुख्य काम होते, आणि गोलांच्या आकड्यांत अशा कामाची नोंद होत नाही.

विश्वचषकातला हा संघ विखुरला जाऊ नये म्हणून महासंघाने इंडियन ॲरोज या नावाने तरुणांचा संघ २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात चेन्नई सिटीविरुद्ध या संघाचा पहिला सामना झाला. ॲरोजने तो ३–० असा जिंकला. पहिले दोन गोल अनिकेतचे आणि तिसरा बोरिस सिंगचा. परदेशी खेळाडूंनी भरलेल्या प्रौढ संघाविरुद्ध सतरा वर्षांच्या आघाडीवीराने व्यावसायिक पदार्पणातच दोन गोल करावेत, ही साधी गोष्ट नव्हती. हंगामाअखेर ॲरोज तळाला राहिला, पण विकासासाठी उभारलेला संघ म्हणून त्याला पदावनती लागू नव्हती.

पुढच्या वर्षी स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने केलेला पराक्रम अनिकेतच्या नावाशी वेगळ्या रीतीने जोडला गेला आहे. ५ ऑगस्ट २०१८ रोजी समोर अर्जेंटिना होता. त्या संघाचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी चारच वर्षांनी आपल्या देशाला विश्वचषक जिंकून दिला. चौथ्याच मिनिटाला दीपक तांगरीने हेडरवर भारताला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात ५४ व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि भारताचे दहाच खेळाडू उरले. तरीही भारत मागे हटला नाही. ६८ व्या मिनिटाला अन्वर अलीची फ्री किक आडव्या खांबाला लागून आत गेली. अर्जेंटिनाने एक गोल फेडला, पण सामना भारताने २–१ असा जिंकला. प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो यांच्या या संघाचे कौतुक करताना दहा जणांनी खेळलेल्या शेवटच्या टप्प्याचा उल्लेख हमखास होतो. अनिकेतसाठी मात्र तो सामना मैदानाबाहेर बसून संपला.

याच काळात इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबमध्ये सराव करण्याची संधी त्याला मिळाली. हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे.

२०१९ मध्ये जमशेदपूर एफसीने त्याला करारबद्ध केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादविरुद्धच्या ३–१ अशा विजयात त्याचा एक गोल होता. दुसऱ्या हंगामात त्याचे प्रशिक्षक होते ओवेन कॉयल. स्कॉटलंडमधील पेझली येथे जन्मलेल्या कॉयल यांनी आधी बर्नली आणि बोल्टन या इंग्लिश क्लबांना प्रशिक्षण दिले होते, आणि प्रतिस्पर्ध्यावर वरच्या भागातच दबाव टाकण्यावर त्यांचा भर असे.

अनिकेतच्या खेळातील जागेचा बदल सुपर लीगमध्ये आल्यावर झाला. या लीगमध्ये मध्यवर्ती आघाडीची जागा जवळपास प्रत्येक क्लबने परदेशी खेळाडूसाठी राखलेली असते. जमशेदपूरमध्ये ती सर्जिओ कास्टेलकडे आणि नंतर नेरियस वाल्स्किसकडे होती, हैदराबादमध्ये बार्थोलोम्यू ओग्बेचेकडे, ईस्ट बंगालमध्ये क्लेटन सिल्वाकडे, तर ओडिशात रॉय कृष्णा आणि दिएगो मॉरिसिओ यांच्याकडे. अशा वेळी भारतीय आघाडीवीरासमोर दोनच पर्याय उरतात. एकतर बाकावर बसायचे किंवा बगलेवर सरकायचे. अनिकेतने दुसरा पर्याय स्वीकारला. बगलेवरच्या खेळाडूला चेंडू गमावताच आपल्या बचावपटूच्या मदतीला मागे धावावे लागते, म्हणजे अर्धे काम मधल्या फळीचेच. गोलसंख्या घटते, धाव वाढते. भारतीय आघाडीवीरांची एक अख्खी पिढी अशी कडेला गेली आणि त्याची किंमत राष्ट्रीय संघानेही मोजली आहे. सुनील छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न इतकी वर्षे रेंगाळला त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

२०२१ मध्ये तो हैदराबाद एफसीत गेला. मनोलो मार्केझ यांच्या या संघात तरुण भारतीय खेळाडूंना भरपूर वाव होता. करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातच खेळला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धच्या ५–१ अशा विजयात अनिकेतने गोल केला. साखळीत पहिले स्थान कॉयल यांच्या जमशेदपूरने मिळवले आणि हैदराबाद दुसरे राहिले. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना मात्र हैदराबादने जिंकला. राहुल केपीने केरलाला पुढे नेले होते. ८८ व्या मिनिटाला साहिल ताव्होराने बरोबरी साधली आणि टायब्रेकरमध्ये गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने तीन फटके अडवले. विजेत्या संघाचा सदस्य म्हणून हे विजेतेपद अनिकेतच्या नावावर लागले. राहुल केपी २०१७ च्या विश्वचषक संघातला त्याचा सहकारी.

२०२२-२३ चा हंगाम त्याने स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या प्रशिक्षणाखाली ईस्ट बंगालमध्ये काढला. संघ नवव्या स्थानी राहिला. त्यानंतर तो सर्जिओ लोबेरा यांच्या ओडिशा एफसीत दाखल झाला. ओडिशा त्या वर्षी एएफसी चषकात पहिल्यांदाच खेळत होता. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ओडिशाने मोहन बागानचा ५–२ असा पराभव केला. त्यातला पाचवा गोल अनिकेतने भरपाई वेळेत केला. बांगलादेशचा बसुंधरा किंग्ज, मालदीवचा माझिया आणि मोहन बागान यांच्या गटात ओडिशा अव्वल ठरला. आंतरविभागीय उपांत्य लढतीत ऑस्ट्रेलियाच्या सेंट्रल कोस्ट मरिनर्सने त्याला बाहेर काढले.