लुगड्याचा शेवटचा तुकडा

आमच्या लहानपणी लुगडं एकदा घरात आलं की ते शेवटपर्यंत घरातच राहायचं. बाईला वर्षाला दोन लुगडी मिळायची, एखाद्या साली एकच. नेसून नेसून ते मधोमध विरलं की माय विरलेला भाग काढून टाकायची आणि दोन्ही बाजूंची चांगली टोकं जोडून शिवायची. त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं रानात आणखी वर्षभर चालायचं. मग त्याची वाकळ व्हायची, लेकराची दुपटी व्हायची, भाकरीचं फडकं व्हायचं. सगळ्यात शेवटी जे अगदी मऊ तुकडे उरत, ते धडपे माय एका पिशवीत बांधून कणगीच्या मागं ठेवायची. त्या पिशवीला घरातला कुणी गडी हात लावत नसे. बायांच्या पाळीसाठी ते धडपे असत.

लुगड्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. काठाबद्दल, पदराबद्दल लिहिलंय. ह्या शेवटच्या तुकड्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आता बाजारात धुऊन पुन्हा वापरायच्या पाळीच्या चड्ड्या आल्यात. पिरियड पँटी म्हणतात त्यांना. आमच्या बचत गटात त्यांचा विषय निघाला तेव्हा पोरीबाळींना वाटलं, ही लईच नवी गोष्ट आहे. पण धुऊन वापरायचं कापड आमच्या आज्ज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. मधल्या काळात ते का गेलं आणि आता पुन्हा का आलं, हे समजून घेतल्याशिवाय त्या चारशे रुपयांच्या चड्डीची पारख करता येत नाही.

पाळीला तेव्हा पाळी म्हणत नसत. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, असं म्हणायचे. चार दिवस चुलीला, पाण्याच्या हंड्याला, देवाला शिवायचं नाही. लोणच्याच्या बरणीवर सावली पडू द्यायची नाही. ज्यांचे पानमळे होते ते त्या दिवसांत बाईला मळ्यात पाऊल टाकू देत नसत. खुरपायला, वेचणीला मात्र चालायचं. कापूस वेचायला विटाळ नव्हता, कारण वेचायला माणूस लागायचं.

कापड धरून ठेवायची सोय लुगड्यातच होती. नऊवारीचा काष्टा घट्ट असतो. त्यात धडप्याची घडी चांगली बसायची. काही बाया कमरेला करगोट्यासारखी नाडी बांधून लंगोटासारखं कापड घ्यायच्या. आज्जी सांगायची, चड्डी हा प्रकार तिनं उभ्या जन्मात घातला नाही आणि तिला गरजही पडली नाही. पुढं आमच्या पिढीनं गोल पातळ नेसायला सुरुवात केली. काष्टा गेला आणि घडी धरून ठेवणारं काही उरलं नाही. तिथून चड्डी आणि सेफ्टी पिना आल्या. पाळीच्या चड्डीची गोष्ट खरी तर काष्टा गेला तिथून सुरू होते.

कापड धुवायची आज्जीची रीत ठरलेली होती. आधी गार पाण्यात भिजवायचं. ऊन पाणी घातलं तर डाग बसतो, हे तिला पक्कं माहीत होतं. मग राख किंवा रिठा लावून चोळायचं, पाणी नितळ येईपर्यंत पिळायचं. इथपर्यंत सगळं बरोबर. गडबड पुढं व्हायची. धुतलेलं कापड उन्हात घालायचं नाही, कारण कुणी बघेल. ते न्हाणीच्या कोपऱ्यात, नाहीतर दुसऱ्या लुगड्याखाली झाकून वाळायला टाकायचं. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलंच राहायचं. त्याला कुबट वास यायचा आणि तेच पुन्हा घ्यावं लागायचं. मांड्या सोलून निघायच्या, खाज सुटायची, अंगावरून पांढरं जायचं. ह्याला कुणी दुखणं समजत नव्हतं. बाईच्या जातीला असायचंच, असं म्हणायचे.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला न्हाण आलं ते त्याच साली. माय खडी फोडायच्या कामावर जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो यायचा. प्यायचं पाणी दोन कोसांवरून. त्या पाण्यातून पाळीचं कापड धुवायचं म्हणजे पाप वाटायचं. बाया कापड न धुता उन्हात टाकायच्या, झाडायच्या आणि पुन्हा घ्यायच्या. काही जणी राख कापडात बांधून घ्यायच्या, म्हणजे ती फेकून तरी देता येते. कामावर शेकडो बाया होत्या आणि आडोसा एकही नव्हता. दुष्काळात जनावरं किती मेली, धान्य किती आलं, ह्याचे आकडे सरकारी कागदात आहेत. ह्या गोष्टीचा आकडा मी कुठं वाचला नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं मी तालुक्याला मामाकडं राहून १९७६ ला दहावी झाले. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची परीक्षा सुरू झाल्याला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. शाळेत मुलींना मुतारी नव्हती. महिन्यातले तीन दिवस मुली शाळेत दिसायच्या नाहीत आणि मास्तर हजेरी घेताना कारण विचारायचे नाहीत. माझ्याबरोबरच्या किती तरी जणी अशा तीन-तीन दिवसांनीच मागं पडत गेल्या आणि आठवी-नववीत घरी बसल्या.

ऐंशीच्या पुढं कापडच बदललं. टेरिकॉट, नायलॉन आणि सुरतेच्या छापील साड्या आल्या. स्वस्त, हलक्या, धुतल्या की तासात वाळणाऱ्या. रानात काम करणाऱ्या बाईला ती मोठी सोय वाटली आणि होतीही. पण त्या साडीचा धडपा पाणी शोषत नाही. रक्त वरच्यावर पसरतं आणि कडेनं बाहेर येतं. म्हाताऱ्यांची सुती लुगडी संपत गेली तशी कणगीमागची पिशवीही रिकामी झाली. कापूस आमच्या रानात पिकायचा आणि आमच्याच बायांना मऊ सुती चिंधी मिळत नव्हती. लोक म्हणतात बाया सुधारल्या म्हणून पॅडकडं गेल्या. मला वाटतं, जुनं सुती कापड घरात उरलं नाही, हेही तेवढंच मोठं कारण होतं.

त्याच काळात मी आणि मालक चार हंगाम ऊस तोडायला गेलो. कोरडवाहू रानावर भागत नव्हतं. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून भरायच्या. पाळी असो की ताप असो, खाडा केला की दंड. कोपीला दार नाही, न्हाणी नाही. कापड धुवायचं ते अंधारात पाटाच्या पाण्यावर आणि वाळायचं ते कोपीतच, चुलीच्या धुरावर. ऊसाच्या पाचटानं कापलेल्या मांड्यांवर ते खरखरीत कापड घासलं की चालवत नसे.

माझ्या धाकट्या जाऊबाईला असंच अंगावरून जायला लागलं, ओटीपोटात दुखायला लागलं. गोळ्या-औषधाचा विचार होण्याआधीच एका खाजगी डॉक्टरनं पिशवी काढा म्हणून सांगितलं. नाही काढली तर कॅन्सर होईल, अशी भीती घातली. तिचं वय तेव्हा सत्तावीस. दोन लेकरं झालेली, पाळीची कटकट जाईल, खाडे वाचतील, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. पिशवी काढली. पस्तिशीतच तिची हाडं दुखायला लागली, घाम फुटायचा, डोकं गरगरायचं. आज तिला जमिनीवर बसून उठता येत नाही.

ती एकटी नव्हती. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी दहा वर्षांत काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. ओल्या फडक्यानं पिशवी जाते असं मी म्हणत नाही. त्यात खाड्याचा दंड आहे, भीती घालणारे डॉक्टर आहेत, कमी वयातलं लग्न आहे, जड ओझी आहेत. पण पुष्कळ जणींचं दुखणं पांढरं जाणं, खाज आणि ओटीपोटातली कळ इथूनच सुरू झालं. त्याला पाणी, साबण, ऊन आणि वेळेवर गोळ्या पुरल्या असत्या.

पॅड मुळात लढाईतून आलं. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखं एक सामान अमेरिकेत तयार व्हायचं. आघाडीवरच्या नर्सांनी ते पाळीसाठी वापरून पाहिलं. लढाई संपल्यावर कंपनीनं त्याचंच पॅड करून कोटेक्स नावानं विकायला काढलं. आमच्यापर्यंत ते पोहोचायला सत्तर वर्षं गेली. आधी टीव्हीवर जाहिरात आली. ती लागली की घरातले सगळे इकडंतिकडं बघायचे. मग तालुक्याच्या मेडिकलात, पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत. २०१८ च्या ८ मार्चला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, तेही बचत गटामार्फत. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला. पॅडनं पोरींना शाळेत बसवलं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्याला नावं ठेवणार नाही.

पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठं, हे कुणी सांगितलं नाही. ते उकिरड्यावर टाकलं की कुत्री ओढतात. नव्या संडासात टाकलं की संडास तुंबतो. जाळलं तर प्लॅस्टिकचा वास गल्लीभर. ते कुजत नाही, शेणखतात जसंच्या तसं निघतं. खत पांगवताना मलाच सापडलेलं आहे. शहरात हे दुसऱ्या बाईच्या हातात जातं. पुण्याच्या कचरावेचक बायांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड गोळा करून कंपन्यांनाच परत पाठवली होती. आमच्या हातांनी हे का उचलायचं, एवढाच त्यांचा सवाल होता.

आता ह्या चड्डीकडं येते. नातीनं लातूरहून एक आणली. मी वाकळा शिवणारी बाई, मला थर कळतात. उलटी करून पाहिली. अंगाला लागतो तो सुती थर, मधे शोषणारा जाड थर, खाली पाणी बाहेर न जाऊ देणारं पातळ लेपाचं कापड. म्हणजे आज्जीची घडी आणि काष्टा एकात शिवलेला.

घेताना काय बघायचं, ते आमच्या गटानं ठरवलं ते असं. आतला थर सुती पाहिजे. घरी आणली की मधल्या भागावर चहाच्या चमच्यानं दोन-तीन चमचे पाणी टाकायचं. आत मुरलं आणि खालून ओल आली नाही तर ठीक. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे सहा-आठ चमचे. एका दिवसाचं एका चड्डीत सहज मावेल असं वाटतं, पण जास्त जाणारीनं पहिल्या दोन दिवसांत आत सुती घडी घ्यावी. मांडीला रबर काचता कामा नये. वाकून खुरपणारीला ते आधी लागतं. वास येऊ नये म्हणून औषध मारलेली घेऊ नये. अमेरिकेत अशा चड्ड्यांत घातक रसायनं असल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या आणि २०२३ मध्ये एका कंपनीला पैसे मोजून तडजोड करावी लागली. सात-आठ तासांत बदलावी. धुताना आधी गार पाणी, मग साधा साबण. सुगंधी मऊ करणारं द्रावण नको, त्यानं शोषण कमी होतं. उकळायची नाही, इस्त्री नाही, खालचा लेप जातो. बहुतेक चड्ड्या काळ्या असतात. डाग दिसत नाही, तशी घाणही दिसत नाही. म्हणून पिळलेलं पाणी नितळ आलं का, ते बघायचं.

हिशोबही मांडला. महिन्याला बारा पॅड, एक ६ रुपयांना धरलं तर ७२ रुपये. चारशेच्या चार चड्ड्या म्हणजे १६००. बावीस महिन्यांनी पैसे फिटतात. चांगली जपली तर पुढचं वर्ष फुकट. ज्या बाईला एकदम १६०० काढणं जमत नाही, तिनं दोन चड्ड्या आणि सुती कापडाच्या घड्या असं सुरू करावं. आणि जी फडात आहे, जिथं धुवायला पाणीच नाही, तिनं पॅडच वापरावं. तिला चड्डी देऊन वर स्वच्छतेवर भाषण देऊ नये. तिला आधी पाणी आणि आडोसा द्यावा.

सरकारची २०१९-२१ ची मोठी आरोग्य पाहणी झाली. तीत पंधरा ते चोवीस वयाच्या निम्म्या पोरी कापड वापरतात असं निघालं, काही जणी पॅडबरोबर. त्या पाहणीत स्वच्छ साधनांच्या यादीत कापड धरलेलं नाही. आशाताईनं हे सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं. तेच कापड कंपनीनं शिवून डब्यात घातलं की स्वच्छ, आणि मायनं फाडून दिलं की घाण? खोट कापडात नव्हती. पाणी नव्हतं, आणि ऊन असून घेऊ दिलं नाही.

गटानं पहिल्या सहा जणींसाठी चड्ड्या मागवायचं ठरवलं, तेव्हा एका सुनेनं विचारलं, "समदं खरं, पण आत्याबाई, वाळू कुठं घालायच्या? दारात सासरे बसत्यात." सगळ्या गप्प झाल्या. मग आम्ही सहाही घरी जाऊन बोललो. सासूशी आणि सासऱ्यांशीही. चार घरांत अंगणातल्या दोरीवर, उन्हात, बाकीच्या कपड्यांबरोबर वाळत घालायचं कबूल झालं. दोन घरांत अजून झालेलं नाही. तिथं पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे.